ट्रक सेल्फ घेत नाही? भाग बदलण्याआधी ही तपासणी करा, याच क्रमाने

गाडी सेल्फ घेत नाही म्हटलं की पहिला हात बॅटरीवर जातो. नवी बॅटरी बसते, दोन दिवस गाडी चालते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मग सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटार) उतरवला जातो. तो दुरुस्त होऊन येतो, तरी 'टक्' असा एक आवाज करून गाडी गप्प. शेवटी दोष सापडतो तो चॅसिसला बोल्ट केलेल्या अर्थच्या (निगेटिव्ह जोडणीच्या) पट्टीखाली, साचलेल्या गंजात. बॅटरीचा खर्च झाला, सेल्फचा झाला, आणि खरं काम होतं दहा मिनिटांचं, पॉलिश पेपरचं.

असं होतं कारण भाग आधी बदलला जातो आणि मोजणी नंतर होते, किंवा होतच नाही. म्हणून खालच्या सगळ्या टप्प्यांना एकच नियम आहे: मीटरने आकडा दाखवल्याशिवाय एकही भाग बदलायचा नाही.

इथले आकडे २४ व्होल्टच्या डिझेल ट्रकचे आहेत, म्हणजे १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक (सिरीजमध्ये) जोडलेल्या गाड्यांचे. १२ व्होल्टच्या लहान मालवाहू गाड्यांना क्रम हाच, जोडीच्या एकूण व्होल्टेजचे आकडे निम्मे धरा; एकेका बॅटरीचे आकडे तेच राहतात.

## आधी आवाज ऐका

बॉनेट किंवा केबिन उचलण्याआधी चावी एकदाच फिरवा आणि काय होतं ते नीट बघा, ऐका. निम्मं निदान इथेच होतं.

- डॅशबोर्डही मेलेला, एकही दिवा नाही: मुख्य पुरवठाच बंद आहे. कट-ऑफ स्विच (बॅटरीचा पुरवठा तोडणारा), बॅटरीचे टर्मिनल, मुख्य फ्यूज.
- डॅश पेटतो, पण सेल्फकडून काहीच आवाज नाही: सेल्फला हुकूम देणारी वायर पोचत नाही. टप्पा ४.
- एकच दणदणीत 'टक्' आणि मग शांतता: सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढला गेला, पण मोटारला करंट मिळत नाही किंवा मोटार फिरत नाही. टप्पा ३, मग ५.
- टक-टक-टक-टक: बॅटरी उतरलेली किंवा सांधा खराब. सोलेनॉइड ओढला की व्होल्टेज कोसळतं, त्यामुळे तो सुटतो, व्होल्टेज परत येतं, तो परत ओढला जातो. टप्पा २ आणि ३.
- इंजिन जड, सावकाश फिरतं: पुन्हा टप्पा २ आणि ३.
- सेल्फ सुसाट फिरतो, इंजिन हलत नाही: बेंडेक्स (सेल्फचा इंजिनात गुंतणारा गिअर) घसरतोय किंवा रिंग गिअरचे (फ्लायव्हीलच्या कडेचे) दात गेलेत. वायरिंग तपासण्यात वेळ घालवू नका.
- इंजिन चांगल्या वेगाने फिरतं, पण पेट घेत नाही: सेल्फ निर्दोष आहे. सरळ टप्पा ६.

चावी धरून ठेवू नका. एका वेळी जास्तीत जास्त १० सेकंद, मग किमान एक मिनिट विश्रांती, आणि असे तीन प्रयत्न झाले की थांबा. सेल्फ जळण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे 'अजून एकदा, अजून एकदा' करत मारत राहणं. बॅटरी कमजोर असेल तर हे लवकर होतं. मोटार अडकल्यासारखी सावकाश फिरते तेव्हा तिच्यातून करंट कमी नाही, उलट जास्त जातो.

## टप्पा १: तयारी

लागणारं सामान फार नाही. डिजिटल मल्टिमीटर, २४ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायचा), टर्मिनलचे पाने (बहुतेक गाड्यांना १० आणि १३ नंबर पुरतात, सेल्फच्या नटाला मोठा लागतो), वायर ब्रश, पॉलिश पेपर, खाण्याचा सोडा, पेट्रोलियम जेली, हातमोजे, चष्मा आणि फ्यूजचा संच. आणि चावी फिरवायला एक माणूस.

मीटरबद्दल एक बारकी गोष्ट. हाताने रेंज निवडायचा साधा मीटर असेल, तर दोन्ही बॅटऱ्यांचं एकत्र व्होल्टेज बघताना डीसी २०० ची रेंज लावा. २० च्या रेंजवर तो नुसता '1' दाखवतो आणि माणसाला वाटतं मीटर बिघडला.

गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक लावा, चाकाच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे किंवा दगड ठेवा. गिअर दांडा हलवून न्यूट्रलची खात्री करा. दांडा मध्ये दिसतो म्हणून गाडी न्यूट्रलमध्येच असते असं नाही. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. २४ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण पाना किंवा कडं पॉझिटिव्ह आणि चॅसिसच्या मध्ये आलं तर ते लाल होऊन मांसात रुतायला क्षणभर पुरतो.

बॅटरीजवळ बिडी-सिगारेट नको, लायटरच्या उजेडात पाणी बघणं तर मुळीच नको. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगीने बॅटरी फुटते.

> सावधान: बीएस-६ गाडीत चावी बंद करून लगेच कट-ऑफ स्विच फिरवू नका. चावी बंद झाल्यावरही काही वेळ डीईएफचा (युरियाच्या द्रवाचा) पंप चालू असतो. तो नळ्यांतला द्रव परत टाकीत ओढून घेतो. तो आवाज थांबू द्या, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, मग पुरवठा तोडा. नाहीतर द्रव नळीत आणि नोझलमध्ये साकळतो आणि एका बिघाडाचे दोन होतात.

## टप्पा २: बॅटऱ्या, दोन्ही वेगवेगळ्या

सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण लोक जोडीचं एकत्र व्होल्टेज बघतात. २४.६ दिसलं की 'बॅटरी ठीक आहे' म्हणून मोकळे. पण त्यात एक १२.७ ची आणि दुसरी ११.९ ची असू शकते. दोन्हींतून करंट तोच वाहतो, त्यामुळे कमजोर बॅटरी चांगलीच्याही वाटेत अडथळा बनते.

१. गाडी नुकतीच चालून आली असेल किंवा बॅटरी चार्जरवरून काढली असेल, तर हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. वरवरचा चार्ज उतरल्याशिवाय आकडा खोटा येतो.

२. मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर ठेवा, क्लॅम्पवर नाही. क्लॅम्प आणि खुंट यांच्यातच दोष असेल तर क्लॅम्पवरून तो कळणार नाही.

३. प्रत्येक बॅटरीचा आकडा लिहून घ्या. १२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२.० ला पाव उरलेली, आणि ११.८ च्या खाली रिकामी. साडेदहाच्या आसपास असेल आणि रात्रभर चार्ज करूनही तिथेच राहत असेल, तर एक सेल मेला आहे (एका सेलचे साधारण २.१ व्होल्ट कमी झाले की हाच आकडा येतो). अशा बॅटरीला चार्जिंगचा उपयोग नाही.

४. दोघींत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर जोडी असमतोल आहे. कारण शोधावं लागेल, ते खाली दिलंय.

५. बुचं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही सेल बघा. भरलेल्या सेलचं गुरुत्व (ॲसिडची घनता) साधारण १.२५० ते १.२८० असतं. आकड्यापेक्षा सेलमधला फरक महत्त्वाचा. पाच सेल १.२५० आणि एक १.१९० असेल तर तो सेल गेला. पाणी नुकतंच घातलं असेल तर ही मोजणी करू नका, पाणी वरच तरंगत असतं.

६. आता खरी परीक्षा. एकजण चावी फिरवेल, तुम्ही एकेका बॅटरीचं व्होल्टेज बघा. सेल्फ चालू असताना प्रत्येकी साडेनऊच्या खाली जायला नको, म्हणजे जोडीचं मिळून १९ च्या वर राहायला हवं. एक ११ वर टिकते आणि दुसरी ७ वर कोसळते, तर दोषी कोण ते समोरच आहे.

> तपासा: दोन्ही बॅटऱ्या साडेदहाच्या वर टिकतायत आणि तरी सेल्फ सावकाश फिरतोय? बॅटरीला हात लावू नका. दोष पुढे आहे.

चार्ज करताना. बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा करंट द्या, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीला १५ अँपिअर. घाई म्हणून ४० अँपिअर ठोकले तर प्लेटा वाकतात. कमजोर बॅटरी वेगळी काढून १२ व्होल्टच्या चार्जरवर लावा. जोडी तशीच २४ व्होल्टवर लावली तर भरलेली उकळते आणि रिकामी रिकामीच राहते. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घाला. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, आणि फक्त बुडतील एवढंच. ॲसिड वरून कधीच घालायचं नाही. गुरुत्व कमी दिसतं ते ॲसिड उडून गेल्यामुळे नाही, ते प्लेटांत अडकल्यामुळे.

जोडी असमतोल का होते. बहुतेक वेळा कारण एकच असतं: टेप, पंखा किंवा मोबाइल चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर काढलेली असते. ती बॅटरी दिवसभर जास्त खर्च होते. अल्टरनेटरला मात्र जोडीचं एकूण व्होल्टेजच दिसतं, त्यामुळे तो दोघींना सारखाच चार्ज करतो. परिणाम असा की वायर काढलेली बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दुसरीला जास्त होऊन तिचं पाणी आटतं. एक उपाशी राहून मरते, एक उकळून. या गाडीत नवी जोडी घातली तरी वर्षभरात तीच गत होणार. १२ व्होल्ट हवे असतील तर २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर बसवा, आणि त्याचा पुरवठा जोडीच्या दोन बाहेरच्या टोकांवरून फ्यूज घालून घ्या.

बदलायची वेळ आलीच तर दोन्ही एकत्र बदला, एकाच क्षमतेच्या, एकाच कंपनीच्या, शक्यतो एकाच महिन्याच्या.

## टप्पा ३: केबल, अर्थ आणि सांधे

या टप्प्यासाठी हा सगळा लेख लिहिला असं म्हटलं तरी चालेल.

मीटर सेल्फच्या मोठ्या टर्मिनलवर लावला आणि २५ व्होल्ट दिसले, म्हणून केबल चांगली असं होत नाही. मीटरला लागणारा करंट नगण्य असतो. आतून हिरवी पडलेली, शंभरातल्या दोन तारा उरलेली केबलसुद्धा त्याला २५ व्होल्ट दाखवते. सेल्फला मात्र शेकड्यांनी अँपिअर लागतात, आणि तेव्हा त्या दोन तारा उघड्या पडतात. म्हणून केबल नेहमी भाराखाली, म्हणजे सेल्फ मारत असताना तपासायची.

१. पॉझिटिव्ह बाजू. मीटर डीसी २० च्या रेंजवर. लाल टोक जोडीच्या पॉझिटिव्ह खुंटावर, काळं टोक सेल्फच्या मोठ्या टर्मिनलवर, ज्यावर ३० लिहिलेलं असतं. कट-ऑफ स्विच चालू असेल तर चावी फिरवण्याआधी शून्य दिसेल. आता पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत वाया जातायत.

२. अर्थ बाजू. काळं टोक जोडीच्या निगेटिव्ह खुंटावर, लाल टोक सेल्फच्या अंगावर, रंग नसलेल्या धातूवर. पुन्हा पाच सेकंद.

३. मधली कडी. दोन बॅटऱ्यांना जोडणारी आखूड केबल, एका खुंटापासून दुसऱ्या खुंटापर्यंत. हिच्याकडे कुणी बघत नाही.

प्रत्येक बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. एक व्होल्टच्या पुढे गेलं की दोष नक्की. ४०० अँपिअर वाहत असताना २ व्होल्ट वाटेत पडले तर ८०० वॉट, म्हणजे घरच्या इस्त्रीएवढी शक्ती, त्या एका सांध्यात नुसती उष्णता होऊन जाते. म्हणूनच सेल्फ मारून झाल्यावर सांध्यांवर हात जपून फिरवला तर दोषी सांधा तापलेला लागतो. चटका बसेल एवढाही तापतो, तेव्हा आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा.

> तपासा: सेल्फने 'टक्'ही केलं नाही तर या मोजणीत शून्यच येणार, कारण करंटच वाहिलेला नाही. ते शून्य म्हणजे 'केबल चांगली' असं नव्हे. आधी टप्पा ४.

आकडा जास्त आला की वाट तुकड्यांत मोजा: खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते थिंबल (केबलच्या टोकाची धातूची कडी), कट-ऑफ स्विचचं एक टोक ते दुसरं, थिंबल ते सेल्फचा नट. ज्या तुकड्यात आकडा उडी मारतो तोच तुकडा. कट-ऑफ स्विच विसरू नका. पावसात चिखलपाण्याचा मारा खाणाऱ्या स्विचचे आतले संपर्क काळे पडतात, बाहेरून तो नवाकोरा दिसतो.

अर्थच्या पट्ट्या साधारण तीन ठिकाणी असतात: बॅटरी ते चॅसिस, चॅसिस ते इंजिन, चॅसिस ते केबिन. इंजिनची पट्टी क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामात सोडली जाते आणि परत लावायची राहते, किंवा रंगावरच आवळली जाते. मग सेल्फचा करंट मिळेल त्या वाटेने जातो, गिअरच्या केबलमधून, ॲक्सिलरेटरच्या तारेतून. सेल्फ मारताना यातली एखादी गरम होत असेल किंवा डॅशचे काटे नाचत असतील, तर आधी ही पट्टी बघा.

साफ कसं करायचं. सोडताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. एक ग्लास पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून पांढरी-हिरवी बुरशी धुवा, मात्र बुचं घट्ट लावून, कारण सोडा सेलमध्ये गेला तर ॲसिड मारतो. मग खुंट, क्लॅम्पची आतली बाजू, थिंबल आणि चॅसिसवरची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. कोरडं करा, आवळा, आणि नंतर वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावून मग क्लॅम्प बसवणं ही नेहमीची चूक.

नवी केबल घेताना मूळच्या जाडीपेक्षा बारीक घेऊ नका, आणि थिंबल हातोडीने चेपून बसवलेलं चालवून घेऊ नका. ते पहिल्या दिवशी चालतं, एका पावसाळ्यात आत ओल शिरते. कोकणात, बंदराजवळ चालणाऱ्या गाड्यांना खाऱ्या हवेमुळे हे आणखी लवकर होतं.

## टप्पा ४: चावीचा हुकूम सेल्फपर्यंत पोचतो का

सेल्फच्या सोलेनॉइडवर एक बारीक वायर येते, टर्मिनल ५०. चावी 'स्टार्ट'ला गेली की तिच्यावर व्होल्टेज यायला हवं.

१. मीटरचं लाल टोक ५० वर, काळं सेल्फच्या अंगावर. चावी फिरवायला सांगा. बॅटरीच्या त्या क्षणीच्या व्होल्टेजपेक्षा दोनहून जास्त कमी नको.

२. व्होल्टेज पूर्ण येतंय आणि सोलेनॉइड 'टक्' करत नाही: सोलेनॉइड खराब. टप्पा ५.

३. व्होल्टेज येत नाही किंवा १२-१५ च येतं: उलट्या दिशेने चला. सेल्फचा रिले (छोट्या करंटवर चालणारा विजेचा स्विच), त्याचा फ्यूज, चावीचा स्विच, आणि गाडीत असतील ते न्यूट्रल स्विच, क्लच स्विच. नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय किंवा न्यूट्रलचा संकेत मिळाल्याशिवाय सेल्फ सुटतच नाही. क्लच पेडलखाली सरकलेली चटई हेही कारण असू शकतं.

फ्यूज. डोळ्याने बघून भागत नाही, केसाएवढी चीर दिसत नाही. फ्यूज जागेवर असतानाच टेस्ट लॅम्प त्याच्या दोन्ही टोकांना लावा. एकीकडे पेटतो आणि दुसरीकडे नाही, तर फ्यूज गेला. चपट्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. १० च्या जागी ३० नको, तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला वर्ख तर कधीच नको. फ्यूजने जळायचं नाकारलं की वायरिंग जळतं, आणि वायरिंग केबिनमधून जातं.

नवा फ्यूजही लगेच उडत असेल तर एकामागून एक फ्यूज जाळू नका. फ्यूजच्या जागी २४ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेपर्यंत तो लख्ख पेटेल. आता त्या फ्यूजवरची उपकरणं एकेक करून सोडा, वायरिंगचा गठ्ठा हलवा. बल्ब विझला किंवा मंद झाला तिथे शॉर्ट आहे. गोदामात किंवा शेताकडेला उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली जागा बहुतेक वेळा अशीच सापडते.

रिले. बुडाला आकडे असतात. ८५ आणि ८६ ही कॉइल, २४ व्होल्टच्या रिलेची साधारण २५० ते ३५० ओम. ३० ला कायमचा पुरवठा, ८७ मधून सेल्फकडे. चावी फिरवली की रिलेने 'टिक' करायला हवं आणि ८७ वर व्होल्टेज यायला हवं. टिक होते पण ८७ वर काही नाही, तर आतले संपर्क जळालेत. हॉर्नचा किंवा दुसरा सारखा रिले लावून बघणं सोपं, पण तो २४ व्होल्टचाच आणि तेवढ्याच पिनांचा आहे ना ते वाचून घ्या. १२ व्होल्टचा रिले लावला तर चालेलही, पण थोड्याच वेळात जळेल.

> सावधान: चॅसिसखाली बसून पेचकसाने सेल्फचे टर्मिनल शॉर्ट करू नका. त्यामुळे न्यूट्रल स्विच आणि क्लच स्विच दोन्ही वगळले जातात. गाडी गिअरमध्ये असेल तर ती पुढे उडी मारते, आणि शॉर्ट करणारा माणूस तेव्हा चाकाच्या पुढ्यात असतो. तपासणी रिलेच्या सॉकेटवरून, केबिनच्या बाजूने करता येते. तेव्हाही गिअर स्वतः हलवून बघा. न्यूट्रल स्विच कायमचा जोडून टाकणं ही दुरुस्ती नव्हे. आज ना उद्या कुणीतरी गिअरमध्ये उभी गाडी बाहेरून चावी देऊन चालू करणार.

## टप्पा ५: आता सेल्फ

इथपर्यंत सगळे आकडे बरोबर आले असतील तरच सेल्फ उतरवायचा. उतरवण्याआधी एक शेवटची मोजणी करा: लाल टोक टर्मिनल ३० वर, काळं टोक सोलेनॉइडमधून मोटारकडे जाणाऱ्या दुसऱ्या मोठ्या टर्मिनलवर. आधी बॅटरीएवढं व्होल्टेज दिसेल. सेल्फ मारताच ते जवळजवळ शून्यावर आलं पाहिजे. 'टक्' होऊनही आकडा तिथेच राहिला तर सोलेनॉइडमधली तांब्याची चकती जळालीय; सोलेनॉइड बदलून काम भागेल, अख्खा सेल्फ नको. आकडा शून्यावर आला पण मोटार फिरत नाही, तर कार्बन (ब्रश), आर्मेचर (मोटारचा फिरणारा भाग) किंवा अडकलेलं इंजिन. इंजिन अडकलंय का ते पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवून बघा.

सेल्फच्या अंगावर हलकेच ठोकल्यावर तो फिरला, तर कार्बन झिजलेत. घरी पोचायला ते पुरेल, उद्याच्या ट्रिपला नाही. दुरुस्तीत कार्बनबरोबर बुश आणि बेंडेक्स बघायला सांगा, आणि सेल्फ खाली आहे तोवर टॉर्चच्या उजेडात फ्लायव्हीलच्या दातांवरून एक नजर फिरवा.

## टप्पा ६: इंजिन फिरतं, पेट घेत नाही

टाकीत डिझेल आहे आणि लाइनमध्ये हवा नाही हे आधी बघा, मग वायरिंगकडे या.

जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत स्टॉप सोलेनॉइड हा एकच विजेचा भाग इंजिन अडवतो. चावी चालू केल्यावर त्याच्या वायरवर २४ व्होल्ट येतात का आणि तो सरकतो का, एवढं बघितलं की झालं.

ईसीयूच्या (इंजिनचा संगणक असलेल्या) गाड्यांत क्रम असा:

१. चावी चालू करा. इंजिन तपासणीचा पिवळा दिवा पेटलाच पाहिजे. मुळीच पेटत नसेल तर बहुधा ईसीयूला पुरवठा नाही: त्याचा फ्यूज, मुख्य रिले, त्याची अर्थ. ईसीयू मेला असं इथे कितीदा तरी ठरवलं जातं, आणि दोष निघतो त्याच्या अर्थच्या थिंबलमध्ये.

२. सेल्फ मारताना डॅश विझून पुन्हा पेटतो का? मग व्होल्टेज इतकं कोसळतंय की ईसीयू दर वेळी नव्याने सुरू होतोय. टप्पा २ वर परत जा, इंजिन फिरत असलं तरी.

३. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरा तरी हलतो का? हलत नसेल, किंवा स्कॅनर (ईसीयूतली माहिती वाचणारं यंत्र) शून्य दाखवत असेल, तर क्रँक सेन्सर (इंजिनचा वेग सांगणारा). दोन तारांच्या प्रकारात रोध मोजता येतो, साधारण ८०० ते १००० ओम. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. टोकाला चिकटलेला लोखंडी चुरा पुसा, प्लग काढून पिना हिरव्या पडल्यात का बघा.

४. एकदम चार-पाच सेन्सरचे कोड आले तर सगळे सेन्सर गेलेत असं समजू नका. अनेक सेन्सरना ईसीयूतून एकच ५ व्होल्टचा पुरवठा जातो; एक शॉर्ट झाला की सगळे आंधळे होतात. त्या ५ व्होल्टवर मीटर ठेवा आणि सेन्सरचे प्लग एकेक काढा. ज्याचा प्लग काढताच ५ व्होल्ट परत येतात, तोच दोषी.

५. स्कॅनर ईसीयूशी बोलतच नसेल तर बॅटरी तोडून कॅनच्या (ईसीयूंना एकमेकांशी जोडणाऱ्या) दोन तारांमधला रोध मोजा. ६० ओम म्हणजे ठीक. १२० म्हणजे तार कुठेतरी तुटलीय किंवा एका टोकाचा रोधक गेला. शून्याजवळ म्हणजे दोन्ही तारा एकमेकींना टेकल्यात.

> सावधान: ईसीयूच्या तारांवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका, त्याने ओढलेला करंट आतला भाग जाळू शकतो. तिथे फक्त मीटर. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर दोन्ही बॅटऱ्यांची टोकं सोडा, ईसीयूचे प्लग काढा आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदी जवळ लावा.

## रस्त्यात अडकलात तर: दुसऱ्या गाडीवरून पुरवठा

मदतीची गाडी २४ व्होल्टचीच हवी. आपल्या जोडीची कुठली टोकं ते नीट ओळखा: ज्या पॉझिटिव्हवरून सेल्फकडे केबल जाते ते एक, आणि ज्या निगेटिव्हवरून चॅसिसला जाते ते दुसरं. मधल्या कडीच्या खुंटांना हात लावायचा नाही.

आधी आपला पॉझिटिव्ह, मग त्यांचा पॉझिटिव्ह, मग त्यांचा निगेटिव्ह, आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या कोऱ्या धातूवर, बॅटरीपासून लांब. शेवटी जोडताना ठिणगी पडतेच. ती बॅटरीच्या तोंडाशी पडायला नको. त्यांची गाडी दहा मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. सोडताना उलटा क्रम. आणि आपली गाडी चालू झाल्यावर 'बॅटरी आता दुसऱ्या गाडीला देऊ' म्हणून चालू इंजिनावर टर्मिनल काढू नका. अल्टरनेटरचे डायोड आणि ईसीयू एका झटक्यात जातात.

## टप्पा ७: गाडी चालू झाली, काम अजून बाकी आहे

बॅटरी उतरली होती तर ती का उतरली? हे न शोधता गाडी सोडली तर ती परवा पुन्हा तिथेच उभी राहणार.

इंजिन थोडं चढवून जोडीवर व्होल्टेज मोजा. २७.५ ते २८.५ हवं. २६ च्या खाली म्हणजे चार्जिंग नाही: पट्टा, अल्टरनेटरच्या वायरी, आणि डॅशवरचा चार्जिंगचा दिवा. बऱ्याच गाड्यांत त्या दिव्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो, त्यामुळे चावी चालू केल्यावर तो पेटत नसेल तर आधी बल्ब बदला. ३० च्या आसपास म्हणजे रेग्युलेटर गेला. बॅटऱ्या उकळतायत आणि ईसीयूही धोक्यात आहे. मीटर एसीवर ठेवून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर डायोड गेलाय. असा अल्टरनेटर चार्ज कमी करतो आणि गाडी उभी असताना बॅटरी पितोही.

चार्जिंग ठीक असेल तर गळती बघा. चावी काढा, दिवे बंद, दारं बंद, दहा मिनिटं थांबा. निगेटिव्ह केबल सोडून मीटर १० अँपिअरच्या रेंजवर मधे जोडा. या अवस्थेत चावी फिरवली तर मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक, ट्रॅकर बसवलेल्या गाडीत थोडं जास्त. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला १२ अँपिअर-अवर जातात, आणि १५० ची बॅटरी सहा दिवसांत अर्धी होते. फ्यूज एकेक काढा. ज्याने आकडा पडतो ती लाइन धरा. फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघा, आणि बॅटरीवरून थेट काढलेल्या जादा वायरी शोधा.

ऊस वाहणाऱ्या गाड्या हंगाम संपला की महिनोन् महिने उभ्या असतात. उभी करताना बॅटऱ्या पूर्ण चार्ज करा, कट-ऑफ बंद करा किंवा निगेटिव्ह काढून ठेवा, आणि महिन्याने एकदा मीटर लावा. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा. त्याखाली आठवडेच्या आठवडे राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो. मग चार्जरवर ती भरल्यासारखी दाखवते आणि पहिल्याच सेल्फला कोसळते.